जुनी जीप आणि नवे इंजिन

वार्षिकाच्या पानांवर ग्रंथवाचन, शिस्त, सहलींची वर्णने, थोरांची चरित्रे अशा विषयांना मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. त्या पंक्तीत जुन्या जीपगाडीचा आणि तिच्यात बसवावयाच्या नव्या इंजिनाचा विषय आलेला पाहून काही वाचकांस नवल वाटेल. हा तर गॅरेजातला प्रश्न; तो मिस्त्रीने आणि गाडीच्या मालकाने सोडवावा; मराठी व इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने त्यात कशाला पडावे, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्या भागात जीप ही चैनीची वस्तू नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या डोंगराळ तालुक्यांतील कित्येक वाड्यांना तिने बाजाराशी, दवाखान्याशी आणि शाळेशी जोडले. कुळ्याहून दूधसागर धबधब्याकडे ओहोळ ओलांडीत पर्यटकांस नेणाऱ्या जीपगाड्यांवर आजही अनेक घरांची चूल पेटते. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकी काहींचे वडील, मामा वा थोरले भाऊ अशा गाड्या चालवितात किंवा दुरुस्त करतात. त्यांच्या मनात हा प्रश्न कधी ना कधी येतोच: जुने इंजिन थकले आहे, गाडीचा सांगाडा मात्र अजून धड आहे, मग एखाद्या नव्या गाडीचे जोरकस इंजिन आणून यात का बसवू नये?

माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. जुन्या गाडीस नवे इंजिन देण्यात मूलतः काही वावगे नाही. मात्र ते इंजिन गाडीच्या अंगाला पेलणारे असावे. जोर वाढविण्यापूर्वी तो जोर आवरणारी साधने वाढवावीत. आणि केलेला बदल कागदोपत्री लपवू नये. तसेच, हे काम प्रामाणिकपणे करू इच्छिणाऱ्याला कायद्यानेही एक सरळ वाट मोकळी करून द्यावी. आता या मताची कारणे क्रमाने पाहू.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, इंजिन बदलणे हा प्रकार जीपच्या कुळात नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेतील विलीज-ओव्हरलँड कंपनीने सैन्यासाठी जी जीप बांधली, तिच्यात चार सिलिंडरांचे, २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांसाठी व सामान्य नागरिकांसाठी त्याच कंपनीने नागरी जीप काढली. पुढे तिला अधिक जोर द्यावा असे ठरले. हरिकेन या नावाचे नवे इंजिन आकारमानाने २.२ लिटरचेच होते. परंतु हवा व पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह बाजूला न ठेवता डोक्यावर नेल्यामुळे ते ७० हून अधिक अश्वशक्ती देऊ लागले. अडचण एकच झाली. व्हॉल्व्ह वर गेल्याने इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा कंपनीने पुढची जाळी आणि बॉनेट ही दोन्ही उंच केली, आणि १९५३ साली सी.जे. ३ बी ही जीप बाजारात आणली.

हीच ती उंच बॉनेटची जीप, जी आपल्या आजोबांच्या काळच्या छायाचित्रांत हमखास दिसते. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपचे सुटे भाग जोडण्यास प्रारंभ केला, आणि पुढे सी.जे. ३ बी ही जीप भारतात कित्येक वर्षे बनत राहिली. म्हणजे जिला आपण 'अस्सल जुनी जीप' म्हणून मिरवितो, ती स्वतःच जुन्या अंगात नवे इंजिन बसवून निर्माण झालेली आहे! तेव्हा 'इंजिन बदलले की जीप बाटली' असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

दुसरा मोठा बदल आपल्या देशात झाला, तो डिझेलचा. अनेक दशके आपल्याकडे डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त होते. रोज घाट चढणाऱ्या गाडीच्या मालकाला तो फरक म्हणजे मुलांच्या शाळेचा खर्च होता. महिंद्र कंपनीने फ्रान्समधील प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे ती इंजिने बनविली. त्या इंजिनाचे नाव एक्स.डी.पी. ४.९०. विद्यार्थ्यांनी या नावाकडे लक्ष द्यावे. त्यातच त्याचे माप सांगितले आहे. सिलिंडर ४, आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. पिस्टनची वरखाली धाव ८३ मिलिमीटर. वृत्तचितीचे घनफळ काढण्याचे सूत्र तुम्हांस ठाऊकच आहे. त्यात हे आकडे घालून चाराने गुणावे, म्हणजे २११२ घन सेंटिमीटर हे उत्तर येईल. पेट्रोलचे जुने इंजिन २१९९ घन सेंटिमीटरचे. आकारमान जवळजवळ सारखे, अश्वशक्तीही फारशी निराळी नाही. म्हणून कंपनीने जे कारखान्यात केले, तेच गावोगावच्या गॅरेजांत मिस्त्रींनी केले. पेट्रोलच्या जीपमधील थकलेले इंजिन काढून त्यांनी तेथे प्यूजोचे, कधी मॅटाडोरचे, तर कधी आणखी कुठले डिझेल इंजिन बसविले. हे काम करणाऱ्या पुष्कळ मिस्त्रींनी कोणत्याही महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. तरी दोन निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एका रेषेत जुळविणारी पोलादी तबकडी लेथवर काढून घेणे, इंजिनाचे फाउंडेशन नव्या जागी वेल्ड करणे, क्लच जुळवून देणे ही कामे त्यांनी डोळ्यांच्या आणि हाताच्या अंदाजाने साधली. या कौशल्याविषयी मला आदर आहे, आणि तो मी येथे मुद्दाम नमूद करतो.

आता तिसऱ्या बदलाकडे वळू. आजचा खरा प्रश्न तोच आहे. अलीकडच्या इंजिनांत डिझेल अतिशय उच्च दाबाखाली एका सामाईक नळीत साठविले जाते आणि संगणकाच्या हुकुमाने नेमक्या क्षणी सिलिंडरात सोडले जाते. सोबत टर्बो असतो. तो अधिक हवा कोंबतो. परिणामी २.२ लिटरच्याच आकारमानातून, उदाहरणार्थ स्कॉर्पिओ गाडीच्या एमहॉक इंजिनातून, १२० अश्वशक्ती मिळू लागली. जुन्या हरिकेन इंजिनाचा फिरविण्याचा जोर, ज्यास मोटारविद्येत टॉर्क म्हणतात, सुमारे १५५ न्यूटन-मीटर होता. या नव्याचा २९० आहे. हे आकडे वाचून तरुणांचे डोळे चमकतात. 'जुन्या जीपचे देखणे रूप आणि नव्या गाडीची ताकद' असा दुहेरी लाभ त्यांना दिसतो. येथेच थोडे थांबून हिशेब करावा, असे माझे सांगणे आहे.

इंजिनाचा जोर चाकांपर्यंत थेट जात नाही. वाटेत तो तीन ठिकाणी वाढविला जातो. जुन्या जीपमध्ये पहिल्या गिअरला २.८ पट, ट्रान्स्फर केसमधील खालच्या गिअरला २.४६ पट, आणि एक्सलमधील दात्यांना ५.३८ पट. या तिन्ही संख्यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. जुन्या इंजिनाचे १५५ गुणिले ३७, म्हणजे एक्सलवर सुमारे ५,७०० न्यूटन-मीटर. नव्या इंजिनाचे २९० गुणिले ३७, म्हणजे १०,७०० च्या वर. चाक मोकळ्या मातीवर असले तर ते जागच्या जागी गरगर फिरेल आणि हा वाढीव जोर वाया जाईल. परंतु तेच चाक ओहोळातील दोन दगडांत अडकले, तर जोराला बाहेर पडण्यास वाट उरणार नाही. मग एक्सल, जॉइंटचा क्रॉस वा गिअरचे दाते, यांपैकी जे सर्वांत दुबळे असेल ते तुटेल. ते भाग बनविणाऱ्याने ६०-७० अश्वशक्ती डोळ्यांपुढे ठेवून त्यांची जाडी ठरविली होती. त्याने काही कंजुषी केली नव्हती. त्याला विचारला गेलेला प्रश्नच निराळा होता.

येथे कोणी म्हणेल, 'एक्सल तुटला तर बदलू. त्यात काय मोठेसे?' एक्सल तुटणे ही गोष्ट पैशाने भरून निघते, हे मान्य. परंतु ब्रेकचे तसे नाही. जुन्या जीपला चारही चाकांस लहान ड्रम ब्रेक होते, आणि पायाचा जोर वाढविणारे कोणतेही साहाय्यक यंत्र नव्हते. ती गाडी हळू चालत असे, म्हणून ते पुरत. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात. ताशी ५० किलोमीटरऐवजी ७० किलोमीटर वेगाने गाडी जाऊ लागली, तर वेग सव्वा पटीहून थोडासाच अधिक, म्हणजे १.४ पट झाला; परंतु ब्रेकला जी ऊर्जा पचवावी लागते ती १.९६ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली. चोर्ला घाटात किंवा अनमोडच्या उतारावर पावसाळ्यात धुके उतरले असता समोर अकस्मात गुरे आली, तर त्या क्षणी इंजिनाची १२० अश्वशक्ती कोणाच्याही कामी येत नाही. कामी येतो तो ब्रेक. आणि गाडीत बसलेली माणसे सहसा मालक नसतात. ती भाडे देऊन बसलेली, विश्वासाने बसलेली माणसे असतात. इंजिनाविषयी त्यांचे मत कोणी विचारलेले नसते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, जोर वाढविण्याचा विचार इंजिनापासून सुरू करू नये, ब्रेकपासून सुरू करावा. प्रथम ब्रेक, मग स्टिअरिंग, मग स्प्रिंगा व टायर, मग एक्सल व गिअरबॉक्स, आणि सर्वांच्या शेवटी इंजिन. पुष्कळ गॅरेजांत हा क्रम नेमका उलटा असतो, कारण इंजिनाचा आवाज गिऱ्हाइकाला ऐकू येतो आणि ब्रेकचा ऐकू येत नाही.

कंपन्यांनी स्वतः काय केले, हे पाहिले म्हणजे या आग्रहाला आधार मिळतो. महिंद्र कंपनीने २०१० साली थार ही जीप काढली. बाहेरून एकाच तोंडवळ्याच्या या गाडीत दोन इंजिने मिळत. एक जुन्या प्यूजो घराण्यातले साधे, ६० च्या आसपास अश्वशक्तीचे. दुसरे १०५ अश्वशक्तीचे नव्या पद्धतीचे. साध्या इंजिनाच्या गाडीला पुढे जुनाच अखंड एक्सल व पट्ट्यांच्या स्प्रिंगा होत्या. परंतु १०५ अश्वशक्तीच्या गाडीला कंपनीने पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलतील अशी निराळी रचना दिली. केवळ इंजिन बदलून भागणार असते, तर नफा पाहणाऱ्या कंपनीने हा खर्च केला असता काय?

दुसराही एक हिशेब आहे, तो उलट दिशेचा. जोरकस इंजिनच जुळत नाही असे नाही. संथ इंजिनही जुळेनासे होते. जुन्या जीपच्या चाकाचा परिघ सव्वादोन मीटरच्या आसपास. शेवटच्या गिअरला इंजिनाचे ५.३८ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. पेट्रोलचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेई. त्या हिशेबाने गाडी ताशी सुमारे १०० किलोमीटर जाऊ शके. त्याच जागी मिनिटाला २५०० फेऱ्यांवर दमणारे, ट्रॅक्टरच्या जातीचे इंजिन बसविले, तर गाडी ६२ किलोमीटरच्या पुढे जाणार नाही, आणि त्या वेगालाही इंजिन सारखे ओरडत राहील. मग मालक म्हणतो, इंजिन खराब निघाले. इंजिन चांगलेच असते. एक्सलच्या दात्यांशी त्याचा मेळ घातलेला नसतो, इतकेच.

लहान गोष्टीही अशाच नडतात. काही जुन्या जीपींत पावसाचे पाणी पुसणारा वायपर पेट्रोल इंजिनाच्या शोषणावर चालत असे. डिझेल इंजिनात सामान्यतः तसे शोषण नसते. म्हणून त्याला निराळा पंप जोडावा लागतो, नाहीतर आषाढातल्या पावसात काच पुसायची कशाने? नव्या टर्बो इंजिनाला उष्णता बाहेर टाकण्यास मोठा रेडिएटर व जागा हवी. जुन्या जाळीमागे ती सहसा नसते. जुने डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की विजेवाचून चालत राही. म्हणून ओहोळाच्या पाण्यात त्याला फारशी भीती नसे. नवे इंजिन संगणकावर आणि बारीक तारांवर अवलंबून असते. पाणी एखाद्या जोडात शिरले की ते प्रवाहाच्या मध्यावर गप्प होते. दूधसागरच्या वाटेवर ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. शिवाय नवे इंजिन कमी धूर करते हा जो त्याचा गुण, तो सायलेन्सरमधील शुद्धीकरणाच्या व्यवस्थेसह आणि सर्व तारांसह आणले तरच टिकतो. ती व्यवस्था 'नसती कटकट' म्हणून काढून टाकली, तर नव्या इंजिनाचा तो गुण बाहेरच राहिला, असे म्हणावे लागेल.

आता कागदाकडे येतो. शिक्षकाकडे गावातील माणसे अर्ज लिहून घेण्यास येतात, हा आमच्या व्यवसायाचा एक अलिखित भाग आहे. दोन वर्षांपूर्वी एक पालक अशाच कामासाठी आले. त्यांनी जुनी जीप विकत घेतली होती. नोंदणीच्या पुस्तकात इंधन म्हणून पेट्रोल लिहिलेले, इंजिनाचा क्रमांकही निराळा, आणि गाडीत प्रत्यक्षात डिझेलचे इंजिन. तो बदल आधीच्या कुणा मालकाने केला होता. कोणी, कधी, कोणत्या गॅरेजात, याचा पत्ता नव्हता. नोंदणीचे नूतनीकरण आले तेव्हा गाडी अडली. 'मास्तर, गाडी उत्तम चालते हो, तुम्ही फक्त तसे लिहून द्या,' असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. गाडी उत्तम चालत होती यात शंका नव्हती. परंतु ती नोंदीत लिहिलेली गाडी नव्हती. तिच्यापायी त्यांनी सोसायटीचे कर्ज काढले होते, आणि आता ती ना चालविता येत होती ना विकता येत होती. उद्या अपघात झाला असता, तर विमा कंपनीने पहिला प्रश्न याच क्रमांकाचा विचारला असता. एका माणसाने चार पैशांचा आणि चार फेऱ्यांचा त्रास वाचविला. त्याचा भार ज्याने काहीच केले नव्हते अशा दुसऱ्यावर पडला.

कायदा काय म्हणतो, तेही सांगणे अगत्याचे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाने करू नये. इंजिन बदलावयाचे तर ते त्याच निर्मात्याचे व त्याच जातीचे असावे आणि त्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी. निराळ्या इंधनावर, उदाहरणार्थ गॅसवर वा बॅटरीवर, गाडी चालविण्यासाठी मान्यताप्राप्त साहित्य बसविण्याची मुभा या कलमात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत असा निर्वाळा दिला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तात्पर्य, जुन्या जीपमध्ये त्याच कंपनीचे परंतु निराळ्या जातीचे नवे इंजिन बसविणे हेही या चौकटीत बसत नाही.

कायदा आहे तोवर तो पाळलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही, आणि विद्यार्थ्यांच्याही मनात नसावा. परंतु कायदा पाळणे निराळे, आणि तो सुधारावा असे म्हणणे निराळे. दुसरे करण्याचा अधिकार नागरिकाला आहे. मला असे वाटते की, सरसकट मनाई केल्याने इंजिने बदलणे थांबत नाही. ते काम केवळ अंधारात जाते. अंधारात गेलेल्या कामाला परीक्षक नसतो. ब्रेक आधी वाढविणारा विवेकी मिस्त्री आणि नुसता आवाज वाढविणारा लोभी मिस्त्री, हे दोघेही मग कायद्यापुढे सारखेच गुन्हेगार ठरतात; आणि जेथे दोघे सारखे ठरतात, तेथे विवेकाला किंमत राहत नाही. याउलट, गॅसच्या साहित्याची जशी तपासणी होऊन त्याला मान्यता मिळते, तशीच इंजिन बदललेल्या जुन्या गाडीची ब्रेक, वजन, धूर आणि जोडकाम या चार बाबतींत परीक्षा व्हावी, आणि उत्तीर्ण झालेल्या गाडीच्या पुस्तकात नवा तपशील उघडपणे लिहावा. पुण्यात १९६६ पासून मोटारींच्या परीक्षणाचे काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था तर प्रत्येक राज्यात आहेत. ज्ञान आपल्याकडे आहे. ते गॅरेजापर्यंत नेणारी वाट तेवढी बांधावयाची आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. परीक्षेची सोय केली की श्रीमंतांची हौस तेवढी भागेल. गरीब मालकाला तपासणीचा खर्च परवडणार नाही. हा धोका खरा आहे. म्हणूनच मी असे सुचवितो की, पोटासाठी गाडी चालविणाऱ्यांसाठी प्यूजोसारख्या परिचित, जुन्या जीपला पेलणाऱ्या थोड्या इंजिनांचे जोड एकदाच तपासून त्यांची यादी प्रसिद्ध करावी. त्या यादीप्रमाणे काम केले, तर प्रत्येक गाडीची स्वतंत्र परीक्षा करण्याचे कारण उरणार नाही. केवळ पाहणी पुरे होईल. हौसेने १२० अश्वशक्ती हवी असणाऱ्याने मात्र पूर्ण परीक्षेचा पूर्ण खर्च सोसावा. यात अन्याय नाही.

दुसरा आक्षेप जुन्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांचा. ते म्हणतात, मूळ इंजिन गेले की इतिहास गेला. ज्या थोड्या जीपगाड्या आजही मूळ स्थितीत आहेत, त्यांना हात लावू नये, हे मलाही मान्य आहे. त्यांच्यासाठी सुटे भाग शोधावेत, तेच इंजिन पुन्हा बोअर करून उभे करावे. आणि ज्या गाडीचे इंजिन बदलणे भागच आहे, तिचेही मूळ इंजिन भंगारात न घालता तेल लावून, झाकून, कोठाराच्या कोपऱ्यात जपून ठेवावे. पुढच्या पिढीला परत फिरण्याची वाट राहील. परंतु सर्वच जुन्या गाड्यांना संग्रहालयातील मूर्तीचा नियम लावता येणार नाही. जी गाडी आजही रुग्ण नेते आणि सिमेंटची पोती वाहते, तिला जगण्यासाठी बदलण्याचा हक्क आहे.

डिझेल आणि पेट्रोल यांच्या किमतीतील फरक आता पूर्वीइतका राहिलेला नाही; डिझेलची किंमत ठरविण्यावरील सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले. तेव्हा केवळ इंधनाच्या बचतीसाठी इंजिन बदलण्याचे जुने कारण आज पुन्हा तपासून पाहावे लागेल. ज्याची गाडी वर्षातून चार वेळा बाहेर निघते, त्याने जुने इंजिन दुरुस्त करून घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ज्याची रोज घाट चढते, त्याचा हिशेब निराळा. प्रत्येकाने तो स्वतः कागदावर मांडावा. शेजाऱ्याने केले म्हणून करू नये.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या हेच काम शिकतील, काही जण गाड्या विकत घेतील, आणि उरलेले सर्व जण त्या गाड्यांत बसतील. म्हणून शेवटी पाच प्रश्न देऊन ठेवतो. घरात वा ओळखीत कोणी जुन्या जीपला नवे इंजिन बसवू पाहत असेल, तर ते त्यांस नम्रतेने विचारावेत. या इंजिनाचा जोर जुन्याच्या किती पट आहे? ब्रेक कोणते बसविणार आणि ते इंजिनाच्या आधी की नंतर? इंजिनाचे फेरे आणि एक्सलचे दाते यांचा हिशेब कोणी केला आहे काय? पाण्यात आणि पावसात ही गाडी कशी वागेल? आणि नोंदणीच्या पुस्तकात काय लिहिले जाईल? पाचव्या प्रश्नाला 'ते बघू पुढे' असे उत्तर मिळाले, तर पहिल्या चारांची उत्तरे कितीही चांगली असोत, ते इंजिन अजून गाडीत चढवू नये, एवढेच माझे सांगणे आहे.